आमच्या घरी पहिला प्रश्न असतो, "किती?"

मोठ्या पोरीचं रक्त काढून आलो का नवरा हिमोग्लोबिन किती आलं ते विचारत नाही. फोनवर त्याचा पहिला प्रश्न "किती?" म्हणजे किती टोचण्या. एक म्हटलं का "बरं" म्हणून फोन ठेवतो, तीन म्हटलं का जरा वेळ काही बोलतच नाही, अन् एकदा मी पाच म्हटलं होतं तेव्हा म्हणे तो बांधावर तसाच बसून राहिला, हातातलं काम हातातच. हे मला सोबतच्या माणसानं नंतर सांगितलं, तो स्वतः कधी सांगणार नाही.

मोठी आता नऊ वर्षांची आहे. सिकलसेल, एसएस, म्हणजे मायबापा दोघांकडून आलेला रक्ताचा आजार, लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात न दुखण्याचे झटके येतात. आम्ही ब्रम्हपुरीकडचे, इकडं हा आजार काय ते कोणाला समजवून सांगावं लागत नाही, दर दोन-चार घरांआड कोणाचं तरी नाव निघतंच. मी न नवरा दोघंही एएस निघालो, म्हणजे वाहक, दोघांनाही काहीच त्रास नाही, लग्नाच्या वेळी पत्रिका पाहिली, शेती पाहिली, विहिरीला पाणी किती तेही पाहिलं, रक्त कोणी पाहिलं नाही. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळाच्या वेळी चारात एक असा चान्स असतो. धाकट्यापर्यंत तो आला नाही, मोठीला आला. वर्षाची होती तेव्हा तिच्या हातापायाचे पंजे सुजले, म्हातारी म्हणे नजर लागली, मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, मग कुठं तपासणी झाली.

आता यातली गंमत म्हणा का काही म्हणा, मी स्वतः गावात आशा आहे. ताप आला का लोकांच्या बोटाला टोचून मलेरियाची स्लाईड घेणार मीच. सिकलसेलच्या शिबिराला घरोघरी जाऊन बाया गोळा करणार मीच, "अवं काई नाई होत, मुंगी चावल्यासारखं लागते" हे मी हजारदा तरी म्हटलं असेल. न मला स्वतःला शिरेतून रक्त काढताना पाहिलं का डोळ्यासमोर अंधारी येते. बोटाचं चालते, लहान थेंब असतो. पण ती सुई शिरेत जाते न नळीत काळपट लाल चढायला लागते ते पाहिलं का माझ्या कानात घूंऽऽ सुरू होते, तोंडाला पाणी सुटते, हात गार पडतात न मी जाते. मोठी पोटात होती तेव्हा पहिल्या तपासणीलाच पडली होती, बाकावरून खाली. जाग आली तेव्हा तोंडावर पाणी मारलेलं, पदर ओला, अन् चार बाया हसत होत्या. रक्त घेणारा पोरगा म्हणे, "एवढी मोठी बाई, डिलिव्हरीले काय करशीन?" डिलिव्हरीला काही झालं नाही बाप्पा, तेव्हा रक्त पाहायला वेळ कोणाला होता.

तर अशी मी, न मला पोट्टीचा हात धरून बसायचं होतं.

पाच वर्षांची असताना तिला हायड्रॉक्सीयुरिया सुरू केलं. ही कॅप्सूल आईच्या पोटातल्या बाळाच्या रक्तात असते तसलं हिमोग्लोबिन वाढवते, त्यानं दुखण्याचे झटके कमी होतात, आमच्या मोठीचे खरंच कमी झाले, वर्षात चारदा अ‍ॅडमिट व्हायची ती एकदा-दोनदावर आली. पण त्या कॅप्सूलनं पांढऱ्या पेशी न प्लेटलेट खाली जाऊ शकतात, म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करत राहावं लागते. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं, डोस बसला तसं तीन महिन्यांवर आलं, मधूनमधून लिव्हर न किडनीचं. सिकलसेलच्या लेकरांच्या शिरा आधीच सलाईन लावून लावून खराब झालेल्या असतात, हाताच्या पाठीवरच्या दोन तर दोरीसारख्या टणक झाल्यात, त्यात सुई जाते पण रक्त येत नाही. राहिल्या त्या बारीक, न बोट लावलं का बाजूला सरकतात. आमच्याकडं म्हणतात शीर पळते. पळतेच ती.

पाच टोचण्यांचा दिवस सांगते. मे महिना होता, ब्रम्हपुरीचा मे म्हणजे टीव्हीवर नाव येते तो, ४६ च्या वर. सरकारी दवाखान्यातली मशीन बंद होती म्हणून एका प्रायव्हेट लॅबमध्ये गेलो. फोनवर सांगितलं, उपाशीपोटी आणा. मी आणलं. लेकरू सकाळपासून उपाशी, पाणीसुद्धा दिलं नाही मी, एसटीत तासभर, मग उन्हात चालत, मग नंबर लागेपर्यंत अकरा वाजले. नंतर कळलं सीबीसीला उपाशी राहायची काहीच गरज नसते, न जिथं उपाशी लागते तिथंही साधं पाणी चालते, अन् सिकलसेलच्या लेकराला तर पाणी बंद करणं म्हणजे दुखण्याला आवतन देणं. हे मी आशा असून मला सुचलं नाही याचा राग मला त्या लॅबपेक्षा माझाच जास्त येतो. पाणी कमी पडलं का शिरा चिपकतात, उन्हाळ्यात विहीर खाली जाते तसं. दोघांनी हात धरला, एकानं पाय, मी डोकं, म्हणजे मी डोकं धरून दुसरीकडं पाहत होती. पहिली गेली, नाही. सुई आतल्या आत फिरवली, नाही. दुसरा हात. "रडू नोको नाईतं मोठं इंजेक्शन देईन." पाचव्यांदा थेंब थेंब आलं, जांभळ्या झाकणाच्या नळीत कसंबसं भरलं, पोट्टीनं त्या पोराच्या हाताला चावा घेतला होता तोवर. संध्याकाळी फोन आला, सॅम्पलमध्ये गुठळी झाली, उद्या परत आणा.

मी नाही नेलं दुसऱ्या दिवशी. आठ दिवस नेलं नाही.

त्यानंतर ती बदलली. दवाखान्याचं नाव काढलं का सकाळी उलटी. एकदा तणसाच्या ढिगामागं लपून बसली, अर्धा गाव शोधत होता. मग मी काय करायला लागली, खोटं बोलायला लागली. "आज रक्त नाही, फक्त वजन करायचं आहे", "आज फक्त डॉक्टरकाकांना भेटायचं". तिथं गेलं का पट्टा बांधायचे न ती माझ्याकडं पाहायची. ते पाहणं मला टोचणीपेक्षा वाईट वाटायचं. दोन-तीनदा फसवल्यावर ती माझ्या कोणत्याच गोष्टीवर विश्वास ठेवेना, बाजाराला जायचं म्हटलं तरी विचारायची, "सुई हाये का?"

मग ते काका भेटले. जिल्ह्याच्या ठिकाणी सिकलसेलच्या लेकरांचा वार असतो तिथले लॅबवाले, रिटायरमेंटला आलेले, तोंडात सुपारी, बोलणं कमी. त्यांनी फाईल घेतली नाही, सुई काढली नाही, पहिले विचारलं, "पाणी पेली का?" नाही म्हटलं तर म्हणे जा, दोन गिलास पेऊन अर्ध्या तासानं या. आम्ही अर्ध्या तासानं गेलो. मग म्हणे हात खाली लोंबव, झोका दे. बाटलीत गरम पाणी भरून रुमालात गुंडाळून दिलं, कोपराच्या आत धरून ठेव म्हणे. एवढं सगळं होईपर्यंत पोट्टीला कळलंही नाही का तयारी सुरू झाली.

अन् मग ते डोळे मिटून शीर शोधायला लागले. खरंच, डोळे मिटून. बोटानं दाबायचे, सोडायचे, दाबायचे, सोडायचे. म्हणे निळी दिसते तिच्या मागं लोक लागतात, ती वरवरची असते, पळते. जी दिसत नाही पण बोटाखाली रबरासारखी उसळते ती धरायची. आमच्या सासऱ्यानं बोर मारायच्या वेळी पाणाड्या आणला होता, तो हातावर नारळ ठेवून शेतभर फिरला न दोन्ही बोर कोरडे गेले, हे काका मात्र पाणाड्याचे बाप निघाले. डाव्या हाताला कोपराच्या बाहेरच्या अंगाला एक शीर निघाली, कोणीच कधी तिथं पाहिलं नव्हतं. पट्टा शेवटी बांधला, न जास्त वेळ नाही, मिनिटभर. फुलपाखराची बारीक सुई घेतली, ती दोन पंखांची, अंगठ्यानं खालची कातडी ताणून धरली म्हणजे शीर सरकत नाही, न म्हणाले, "आता टोचतो हो माय. लागन. हात नोको हालवू, रडाचं असन तं रड." रडू नको नाही म्हटलं. रड म्हटलं. ती रडलीच नाही धड.

मी मात्र पडली. तिचा हात एका टोचणीत झाला न मी समाधानानं नळीकडं पाहिलं, झालं. डोळे उघडले तेव्हा फरशीवर, पाय खुर्चीवर ठेवलेले, काका म्हणत होते पडून राहा, एवढ्यात उठू नका. मोठी बाजूला कापूस दाबून उभी, मला म्हणते, "मम्मी, टोचून तं मले रायले होते. तू काहून पडली?"

ते मला लागलं. सगळ्या टोचण्यांपेक्षा. कारण मग मला दिसायला लागलं का तिच्या अंगात अर्धी भीती त्या पाच टोचण्यांची होती न अर्धी माझी. तिचा हात धरताना माझा हात गार पडायचा, घाम सुटायचा, ते तिला कळत होतंच न.

त्या दिवशी तिथली नवी डॉक्टर पोरगी, बॉन्डवर आलेली असेल, तिनं मला बसवून सांगितलं का हे भित्रेपण नाही. बाकी कशाची भीती वाटली का छाती धडधडते, बीपी वरच राहते. रक्ताच्या भीतीत ते आधी वर जाते न मग धाडकन खाली येते, डोक्याला रक्त कमी पडते, माणूस पडते. घराण्यातही चालते म्हणे हे. माझ्या मायला कोंबडं कापलेलं पाहवत नव्हतं ते मला तेव्हा आठवलं. अन् याच्यावर एक उपाय आहे, स्वीडनच्या एका मानसशास्त्रज्ञानं १९८० च्या दशकात बसवलेला, औषध नाही काही नाही: हात, पाय, पोट सगळं आवळून धरायचं, दहा-पंधरा सेकंद, तोंड गरम झाल्यासारखं वाटेपर्यंत, मग सोडायचं, पण एकदम ढिलं नाही पडायचं, साधं बसल्यासारखं. वीस-तीस सेकंद थांबायचं, परत आवळायचं. असं पाचदा. त्यानं बीपी खाली पडत नाही. रक्त स्वतःचं काढायचं असलं तर तो हात सोडून बाकी अंग आवळायचं. लोक सांगतात शांत हो, ढिली पड, श्वास घे, पण चक्कर येणाऱ्याला ढिलं पडून चालत नाही, उलटं होते.

मला आधी हसू आलं. पण रोज केलं. बोरिंगवर पाण्याच्या रांगेत उभ्या उभ्या केलं, चुलीसमोर बसून केलं, मीटिंगमध्ये मॅडम आकडे सांगत असताना केलं. धाकटा म्हणे मम्मी गाल फुगवून काय करून रायली. मग मोबाईलवर रक्त काढायचे व्हिडिओ पाहत केलं, आधी पाच सेकंद, मग दहा. दोन महिने लागले. एक व्हिडिओ मी पूर्ण पाहिला त्या दिवशी मला दहावी पास झाल्यासारखं वाटलं.

काकांकडून मी बाकीही शिकली, विचारलं का सांगायचे. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून औषध असते, रक्त भरलं का ती आठ-दहादा हळूच उलटी-सुलटी करायची, खळखळ हलवायची नाही, न केली नाही का गुठळी. म्हणजे त्या मे महिन्यातलं सॅम्पल कदाचित त्यानंच गेलं. अन् सिरिंजनं जोरात ओढलं का लाल पेशी फुटतात न पोटॅशियम खोटं जास्त दिसते. आमचं एकदा तसं झालं होतं, दुसऱ्याच एका लॅबचा रिपोर्ट पाहून डॉक्टर घाबरले, आम्ही रात्री गाडी करून नागपूरला नेलं, तिथं परत काढलं तर नॉर्मल. गाडीचं भाडं धानाच्या दोन पोत्यांइतकं गेलं. रक्त काढल्यावर सगळे म्हणतात हात दुमड, तेही नको म्हणे, हात सरळ ठेवून कापूस दाबून धरायचा पाच मिनिटं, चोळायचा नाही, मग निळं होत नाही. न सगळ्यात मोठं, दोनदा जमलं नाही का सुई दुसऱ्याच्या हातात द्यायची. काका स्वतः द्यायचे. एवढ्या वर्षांचा माणूस, दोनदा चुकलं का पोरीसारख्या असलेल्या सिस्टरला म्हणायचे, "तू पाय वं, मायाकडून नाई होत आज."

काका आता रिटायर झाले. पण मोठीच्या फाईलच्या पहिल्या पानावर मी लिहून ठेवलं आहे, मोठ्या अक्षरात: डावा हात, कोपराची बाहेरची शीर. हाताची पाठ नको. बारीक सुई. दोनदाच. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा एक सिस्टर चिडली, "आता तुमी शिकवान का आमाले?" मी म्हटलं, "नाही ताई, तुमचा वेळ वाचन." आशा म्हणून एवढी वर्षं हेच तर शिकली, कोणाला कसं म्हणायचं. बहुतेक जण वाचतात. एखादा वाचत नाही, मग मी हात मधात घालते. दोनदा झाल्यावर "थांबा" म्हणणं मला सगळ्यात जड गेलं, म्हणजे पांढऱ्या कोटाला थांबा म्हणायचं म्हणजे काय. पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आवाज निघाला नाही, मोठीनंच म्हटलं, "मम्मी थांबा म्हणते."

बधिर करायची क्रीमही लावून पाहिली, डॉक्टरांना विचारून. तासभर आधी लावून वरून प्लॅस्टिक चिपकवायचं. कातडी बधिर होते पण शीर जरा आक्रसते, म्हणून पुसल्यावर परत शेकावं लागते. गावातून निघताना कुठं लावायची ते माहीत पाहिजे, दोनदा नेमकं दुसऱ्याच ठिकाणी टोचलं न क्रीम वाया गेली. आता ती म्हणते नको, चिकट लागते.

खोटं बोलणं बंद केलं. आदल्या दिवशी संध्याकाळी सांगते, उद्या रक्त आहे. रात्री रडते थोडी. रडू द्यायचं. पण तणसामागं जात नाही.

परवा गेलो. रोवण्याचे दिवस, म्हणजे धानाचे पऱ्हे, रोपं, उपटून बांधीत लावायचे, पाऊस सारखा, साध्या एसटीत सिकलसेलच्या पेशंटला तिकीट लागत नाही पण एसटी आली पाहिजे न, दीड तास स्टँडवर. पावसाचं वेगळं असते, उन्हाळ्यात पाणी कमी पडून शिरा जातात, पावसात गारठ्यानं. छत्री असून ती खांद्यापर्यंत भिजली, तिला गार लागलं का दुखणं उठायची भीती, म्हणून मी थर्मासमध्ये गरम पाणी न पिशवीत कोरडं स्वेटर नेतेच. पोहोचल्यावर स्वेटर घातलं, गरम पाणी पाजलं, बाटली शेकायला दिली. तिनं स्वतः हात लोंबवून झोके दिले, बाजूला एक आजी बसली होती ती म्हणे पोरगी येडी झाली का.

यावेळी माझंही काढायचं होतं. वर्षभर थकवा येऊन रायला होता, मॅडमनं थायरॉईड न हिमोग्लोबिन लिहून दिलं होतं, मी चिठ्ठी पर्समध्ये चार महिने फिरवली. मोठीनंच पाहिली. "तुयी चिठ्ठी हाये, काढ न मंग." आता नऊ वर्षांच्या पोरीला काय कारण सांगायचं.

तिचं आधी. नवा पोरगा होता, फाईल वाचली, बोटानं चाचपलं, "हे का?" मोठी म्हणे, "थोडी वर." एका टोचणीत. मी पाय आवळून बसली होती, न पाहत होती. पूर्ण पाहिलं.

मग मी. आडवं पडूनच काढा म्हटलं, लाज सोडून, मागं चार जण रांगेत होते. मोठी माझ्या डोक्याशी उभी राहून मोजत होती, "आवळ... धा, अकरा, बारा... सोड." पहिली चुकली. माझीही शीर पळतेच, हे तिला ऐकून फार आनंद झाला, "माया सारखीच हाये तुयी!" कानात घूं सुरू झालं होतं, खोटं नाही सांगत. ती मोजत राहिली. दुसरीत आलं. पिवळ्या झाकणाची नळी भरली, मग जांभळी, मी जांभळी पाहिली नाही, वर पंख्याकडं पाहिलं. दहा मिनिटं पडून राहिली न उठली.

बाहेर टपरीवर आलूबोंडे खाल्ले, ती दोन, मी एक, चहा. तिचा डावा हात सरळ, माझा उजवा सरळ, दोघी एकेका हातानं खात होतो न टपरीवाला पाहत होता. तिथंच फोन आला.

"किती?"

"एक."

"बरं." मग ठेवला नाही त्यानं. "अन् तुले?"

"दोन."

"पडली?"

"नाई."

मागून पाण्याचा न बायांचा आवाज येत होता, कोणीतरी रोवण्याचं गाणं म्हणत होतं.

"मंग लवकर ये. दोन बाया आल्याच नाईत आज, पऱ्हे उपटून पडले हायेत बांधीत."